गोठलेल्या सरोवरांवरील मासेमारी : साधने, ज्ञान आणि हक्क यांचा इतिहास

१. प्रस्तावना

मानवी उपजीविकेच्या इतिहासात शेती, पशुपालन व व्यापार यांना जे स्थान मिळाले ते मासेमारीला क्वचितच लाभले. मासेमारीचा विचार झाला तरी तो बहुधा समुद्र, होडी आणि बंदर यांच्या अनुषंगाने होतो. उत्तर गोलार्धातील शीत प्रदेशांत नद्या व सरोवरे गोठल्यानंतर बर्फावर उभे राहून, बर्फास छिद्र पाडून केली जाणारी मासेमारी हा मात्र आपल्याकडील अभ्यासकांना जवळजवळ अपरिचित असा विषय आहे. ज्या समाजांना वर्षातील चार-पाच महिने पाणी दिसतच नाही, त्यांनी त्या पाण्यातील अन्न कसे मिळविले, हा प्रश्न अर्थशास्त्राचा, तंत्रज्ञानाचा आणि सामाजिक इतिहासाचाही आहे.

आज अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, कॅनडात अथवा फिनलंडमध्ये एका दिवसाच्या मासेमारीसाठी बर्फावर निघालेल्या माणसाच्या घसरगाडीवर साधारणपणे पुढील वस्तू आढळतात : बर्फ फोडण्याची पहार, छिद्र पाडण्याचे गिरमिट, छिद्रातील बर्फाचा चुरा काढण्याचा झारा, आखूड काठी व दोर, गळ व आमिषे, मासा लागल्याची सूचना देणारे निशाण, घडीचा तंबू, लहान शेगडी, पाण्याखालील मासा दाखविणारे ध्वनियंत्र, आणि गळ्यात अडकविलेले दोन अणकुचीदार खिळे. ही यादी वरवर पाहता एखाद्या दुकानाची वाटते. परंतु त्यातील प्रत्येक वस्तूला स्वतंत्र इतिहास आहे, आणि त्या एकत्रित पाहिल्यास एका प्रदीर्घ ज्ञानव्यवहाराचा आलेख तयार होतो.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, या साधनांच्या विकासाचा मागोवा घेणे. दुसरे, हे ज्ञान कोणाकडून कोणाकडे गेले आणि ते देणाऱ्यांच्या वाट्यास काय आले, हे पाहणे. तिसरे, यंत्रांनी मच्छीमाराचे कोणते काम हलके केले आणि कोणते केले नाही, याचा विचार करणे. विवेचनासाठी आर्क्टिक कॅनडा, उत्तर युरोप, मंचुरिया आणि उत्तर अमेरिकेतील सरोवरांचा प्रदेश ही चार क्षेत्रे निवडली आहेत. मराठीत या साधनांना स्वतंत्र नावे असण्याचे कारण नव्हते. म्हणून पहार, गिरमिट, झारा हे आपल्या परिचयाचे शब्दच येथे योजले आहेत. त्या वस्तूंचे कार्यही तेच आहे.

२. बर्फाखालील पाणी : नैसर्गिक पार्श्वभूमी

या मासेमारीचा पाया पाण्याच्या एका वैशिष्ट्यात आहे. बहुतेक द्रव पदार्थ थंड होताना अधिकाधिक घन होत जातात. पाणी मात्र सुमारे ४ अंश सेल्सियसला सर्वाधिक घन असते आणि त्याखाली पुन्हा हलके होऊ लागते. बर्फ तर पाण्यापेक्षा सुमारे ९ टक्के हलका असतो. परिणामी सरोवर तळापासून नव्हे, तर पृष्ठभागापासून गोठते. वर बर्फाचे आच्छादन तयार झाले की खालच्या पाण्याला थंड हवेपासून संरक्षण मिळते, आणि तळाशी सुमारे ४ अंशांचे पाणी हिवाळाभर टिकून राहते. मासे याच पाण्यात जगतात. त्यांच्या हालचाली मंदावतात, पण थांबत नाहीत.

म्हणजेच हिवाळ्यात सरोवरातील अन्न नाहीसे होत नाही, ते केवळ झाकले जाते. उलट ज्या खोल पाण्यावर एरवी होडीशिवाय जाता येत नाही, तेथे माणूस पायी जाऊ शकतो. उत्तरेकडील समाजांनी हिवाळ्याकडे केवळ अभावाचा ऋतू म्हणून पाहिले नाही, याचे एक कारण येथे सापडते. मात्र या सोयीची अट एकच : पायाखालचा बर्फ माणसाचे वजन पेलणारा हवा. या अटीकडे लेखाच्या शेवटी पुन्हा वळावयाचे आहे.

३. छिद्र : पहारीपासून गिरमिटापर्यंत

सर्वांत प्राथमिक साधन म्हणजे पहार. आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांच्या भाषेत तिला ‘तूक’ म्हणतात, फिनिश भाषेत ‘तूरा’ आणि रशियनमध्ये ‘पेश्न्या’. लांब दांड्याच्या टोकाला हाड, शिंग अथवा पुढे लोखंडाचे पाते, अशी तिची सर्वसाधारण रचना. तिचा उपयोग दुहेरी होता. तिने छिद्र पाडले जाई, तसेच चालताना पुढच्या बर्फावर आघात करून त्याची जाडी अजमावली जाई. आघाताचा आवाज आणि हाताला जाणवणारा प्रतिकार यांवरून अनुभवी माणूस पुढे जावे की मागे फिरावे, हे ठरवीत असे. एकच वस्तू अवजार आणि मापनयंत्र अशी दोन्ही कामे करीत होती, ही बाब येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पहारीच्या जोडीला झारा अपरिहार्य होता. फोडलेल्या बर्फाचा चुरा छिद्रात साचतो आणि कडाक्याच्या थंडीत काही मिनिटांतच पुन्हा गोठू लागतो. तो सतत उपसावा लागतो. आर्क्टिक कॅनडात कस्तुरी बैलाच्या शिंगापासून बनविलेले असे झारे वापरात होते. आजचे झारे पत्र्याचे वा प्लॅस्टिकचे असले तरी त्यांचा आकार फारसा बदललेला नाही.

मोठे छिद्र हवे असल्यास करवत लागते. एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये नैसर्गिक बर्फाचा व्यापार उभा राहिला आणि बर्फ कापण्याच्या अवजारांत मोठी सुधारणा झाली. १८२०च्या दशकात नॅथॅनिएल वायेथ याने घोड्याने ओढावयाचे बर्फ कापण्याचे यंत्र तयार केले, आणि फ्रेडरिक ट्युडर याच्या व्यापारामार्फत मॅसॅच्युसेट्समधील तळ्यांचा बर्फ १८३३ मध्ये कलकत्त्यास व त्याच दशकात मुंबईस पोहोचला. मुंबईच्या बर्फघरात उतरणारा हा बर्फ ज्या प्रकारच्या लांब करवतींनी कापला जाई, तशाच करवतींनी अमेरिकेतील मच्छीमार भाल्याने मासे मारण्यासाठी चौकोनी छिद्रे कापीत. महाराष्ट्राचा गोठलेल्या सरोवरांशी आलेला प्रत्यक्ष संबंध कदाचित एवढाच. पण तो खरा आहे.

विसाव्या शतकात हातगिरमिटाचा प्रसार झाला. स्वीडनमधील मोरा परिसराच्या नावाने ओळखली जाणारी गिरमिटे उत्तर युरोपात व अमेरिकेत लोकप्रिय झाली. शतकाच्या मध्यास इंधनावर चालणारी गिरमिटे आली आणि अलीकडच्या काळात त्यांची जागा विजेरीवर चालणारी गिरमिटे घेऊ लागली आहेत. पहारीने ज्या कामास बराच वेळ व पुष्कळ श्रम लागत, ते आता मिनिटाच्या आत होते. परिणामी पद्धतच बदलली. पूर्वी मच्छीमार विचारपूर्वक निवडलेल्या एक-दोन छिद्रांशी बसून राही. आता तो दिवसभरात डझनावारी छिद्रे पाडून माशाचा माग काढतो.

४. भाला, फसवा मासा आणि गळ

छिद्र पाडल्यानंतर मासा मिळविण्याच्या तीन मुख्य पद्धती दिसतात : भाल्याने मारणे, गळाने पकडणे व जाळ्याने ओढणे. त्यांपैकी भाल्याच्या पद्धतीचे उत्तम वर्णन मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्या १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य आर्क्टिकमधील लोकांवरील ग्रंथात मिळते. बोआस यांनी १८८३-८४ मध्ये बॅफिन बेटावर प्रत्यक्ष वास्तव्य केले होते. ‘काकिवाक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाल्याला तीन टोके असतात. मधले टोक माशाच्या पाठीत शिरते. बाजूचे दोन लवचीक बाहू फाकतात आणि त्यांच्या आतील बाजूचे काटे माशाला दोन्हीकडून पकडतात. त्यामुळे जखमी मासा निसटत नाही. भाल्याइतकेच महत्त्व हस्तिदंतात कोरलेल्या लहान आकृतींना होते. दोरीला बांधून त्या पाण्यात हलविल्या की मोठा मासा छिद्राखाली येई.

उत्तर अमेरिकेतील सरोवरांच्या प्रदेशातील ओजिब्वे लोकांनी हेच तत्त्व वेगळ्या रीतीने विकसित केले. फ्रान्सेस डेन्समोर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओजिब्वे चालीरीतींवरील ग्रंथात या मासेमारीची नोंद आहे. मच्छीमार बर्फावर पालथा झोपतो. डोके व छिद्र यांवर काठ्यांच्या आधाराने घोंगडी पांघरलेली असते. आत अंधार झाला की पाण्यावरील प्रतिबिंब नाहीसे होते, आणि बाहेर बर्फातून झिरपणाऱ्या उजेडाने पाणी आतून प्रकाशमान दिसू लागते. एका हातात लाकडाचा कोरीव फसवा मासा, दुसऱ्या हातात भाला. हा लाकडी मासा पोकळ करून त्यात वजन भरलेले असे, व त्याच्या शेपटीचा बाक असा ठेवलेला असे की दोरीच्या हलक्या झटक्याने तो गोल फिरत पोहावा. प्रकाशाचे वर्तन, लाकडाचे वजन आणि माशाचा स्वभाव या तिन्हींचे ज्ञान या एका वस्तूत एकवटले आहे. आज अमेरिकेत अशा जुन्या कोरीव माशांचा संग्रह लोककला म्हणून केला जातो. परंतु मुळात ते अन्न मिळविण्याचे अवजार होते.

गळाचा उपयोग केवळ सामान्य जनांपुरता मर्यादित नव्हता. मंचुरियात राज्य करणाऱ्या खितान वंशीय लियाव सम्राटांच्या दरबारात वर्षारंभी गोठलेल्या नदीवर तंबू ठोकून मासा पकडण्याचा विधी होई. बर्फात अनेक छिद्रे खोदली जात; त्यांतील एकच आरपार असे, तर इतरांत बर्फाचा पातळ थर राखून त्यातून माशाची हालचाल पाहिली जाई. मासा आला की सम्राट दोरी बांधलेला गळ फेकून त्यास पकडी. या पहिल्या माशाच्या निमित्ताने मेजवानी दिली जाई. १११२ मधील अशाच मेजवानीत सम्राटाने जुर्चेन जमातीच्या प्रमुखांना नृत्य करण्याची आज्ञा दिली आणि अगुदा या प्रमुखाने ती नाकारली. त्याच अगुदाने १११५ मध्ये जिन राजवंशाची स्थापना केली, आणि ११२५ मध्ये लियाव साम्राज्य संपुष्टात आले. साम्राज्याच्या पतनाची कारणे अर्थातच अधिक व्यापक होती. परंतु बर्फावरील मासेमारी ही तेथे सत्तेच्या प्रदर्शनाची जागा होती, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते.

सर्वसामान्यांच्या गळाच्या पद्धतीत एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत दोन बदल झाले. एक म्हणजे अमेरिकेत रूढ झालेले निशाण-यंत्र. यात दोराचे रीळ पाण्याखाली राहते, म्हणून ते गोठत नाही. मासा दोर ओढू लागला की वरचे छोटे निशाण उभे राहते. त्यामुळे एकच माणूस अनेक छिद्रांवर लक्ष ठेवू शकतो. दुसरा बदल दोराचा. १९३८ मध्ये नायलॉनची घोषणा झाल्यानंतर काही वर्षांत सूत व रेशीम यांची जागा तंगुसाने घेतली. पाण्यात जवळजवळ अदृश्य राहणारा आणि पाणी कमी शोषणारा हा दोर बर्फावर विशेष उपयुक्त ठरला.

५. बर्फाखालचे जाळे आणि ज्ञानाचे हस्तांतरण

भाला व गळ यांनी कुटुंबाचे पोट भरू शकते. व्यापारासाठी जाळे लागते. परंतु अखंड बर्फाखाली जाळे पसरावयाचे कसे? याचे उत्तर उत्तर युरोपात फार पूर्वी सापडले होते. स्वीडनमधील धर्मगुरू ओलाउस माग्नुस याने १५५५ मध्ये रोम येथे प्रसिद्ध केलेल्या उत्तरेकडील लोकांच्या इतिहासात बर्फाखालील जाळ्याच्या मासेमारीचे वर्णन काष्ठचित्रांसह आले आहे. पद्धत अशी की, ठरावीक अंतरावर छिद्रांची रांग पाडावयाची, लांब काठीला दोर बांधून ती एका छिद्रातून दुसऱ्याकडे ढकलीत न्यावयाची, आणि शेवटच्या छिद्रातून दोर वर काढून त्यामागे जाळे ओढावयाचे.

चीनच्या जिलिन प्रांतातील चागान सरोवरावर याच तत्त्वाचे मोठे रूप आजही पाहावयास मिळते. तेथे प्रचंड लांबीचे जाळे बर्फाखाली सोडून घोड्यांनी फिरविल्या जाणाऱ्या रहाटाने ते ओढले जाते. जाळ्याची वीण मुद्दाम मोठी ठेवलेली असते, जेणेकरून लहान मासे निसटून जावेत. २००८ मध्ये या परंपरेचा समावेश चीनच्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत करण्यात आला.

ज्ञानाच्या हस्तांतरणाच्या दृष्टीने मात्र सर्वाधिक बोलके उदाहरण कॅनडातील विनिपेग सरोवराचे आहे. १८७५च्या ऑक्टोबरमध्ये आइसलंडमधून स्थलांतरित झालेल्या कुटुंबांचा एक गट या सरोवराच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या गिमली गावाजवळ उतरला. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे हे लोक. पण त्यांची मासेमारी खुल्या समुद्रावरची होती. गोठलेल्या सरोवराखाली जाळे टाकण्याची कला त्यांना नवी होती, आणि पहिला हिवाळा त्यांना अत्यंत कष्टाचा गेला. ही कला ते परिसरातील मूळ रहिवाशांकडून शिकले. या मदतीसंदर्भात सोल्टो ओजिब्वे समाजातील जॉन रॅम्झी यांचे नाव विशेषत्वाने घेतले जाते.

या घटनेची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. रॅम्झी ज्या सँडी बार परिसरात राहत होते, तेथील जमिनीवर नव्या वसाहतीने हक्क सांगितला, आणि त्यावरून वाद उद्भवला. पाठोपाठ १८७६-७७ मध्ये देवीची साथ पसरली. वसाहतीतील सुमारे शंभर लोक मृत्युमुखी पडले, तर सँडी बारची मूळ रहिवाशांची वस्ती उद्ध्वस्त झाली. रॅम्झी यांची पत्नी बेट्सी हिचाही या साथीत अंत झाला. पुढे विनिपेग सरोवरावर आइसलंडिक वंशाच्या मच्छीमारांचा हिवाळी व्यवसाय भरभराटीस आला. तंत्र शिकणारे टिकले. शिकविणारे विस्थापित झाले. साधनांच्या इतिहासात हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, परंतु तो टाळता येणार नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच प्रेअरी प्रदेशात जाळे पसरविण्याच्या पद्धतीत महत्त्वाची सुधारणा झाली. एका लांब फळीला खाच पाडून तीत लोखंडी दांडा बसविला जातो. फळी छिद्रातून आत सोडली की ती तरंगून बर्फाच्या खालच्या बाजूस चिकटते. वरून दोराला हिसका दिला की दांडा बर्फाला रेटा देतो आणि फळी थोडी पुढे सरकते. असे हिसके देत ती शंभर पावले दूर नेता येते. दुसरा माणूस वर कान देऊन, बर्फाखालील ठोक्यांच्या आवाजावरून तिचा ठाव घेतो आणि तेथे दुसरे छिद्र पाडतो. दोन छिद्रांत काम भागल्याने श्रम मोठ्या प्रमाणात वाचले. कोणत्याही इंधनाशिवाय चालणारे हे साधन यंत्रयुगातही आपली जागा टिकवून आहे.

६. निवारा, वाहन आणि ध्वनियंत्र

विसाव्या शतकात झालेला बदल मुख्यतः तीन दिशांनी झाला. पहिला वाहनाचा. क्यूबेकमधील जोसेफ-अर्मां बोंबार्दिए याने १९३७ पासून बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या मोटारींचे उत्पादन सुरू केले. १९५९ मध्ये लहान स्की-डू वाहन बाजारात आले. कुत्र्यांच्या वा घोड्यांच्या गाड्यांची जागा या वाहनांनी घेतली आणि किनाऱ्यापासून दूरचे पाणी एका दिवसाच्या आटोक्यात आले.

दुसरा बदल पाहण्याच्या साधनाचा. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधासाठी विकसित झालेले प्रतिध्वनीचे तंत्र १९५७ नंतर लोरन्स कंपनीने हाताने नेता येण्याजोग्या स्वरूपात मच्छीमारांपर्यंत आणले. ध्वनिलहरी तळावर व माशावर आदळून परत येतात, आणि त्या वेळेवरून खोली कळते. ओजिब्वे मच्छीमार घोंगडीखालील अंधारातून जे पाहत होता, ते आता दिव्यांच्या पट्ट्यावर दिसू लागले.

तिसरा बदल निवाऱ्याचा. लाकडी खोपट्या बर्फावर ओढून नेण्याची प्रथा जुनी होती. १९८०च्या दशकात मिनेसोटातील डेव्ह गेन्झ याने घसरगाडीवरच उघडणारा घडीचा तंबू प्रचारात आणला आणि निवाराही मच्छीमाराबरोबर फिरू लागला. गिरमिट, ध्वनियंत्र व फिरता तंबू या तिहींच्या संयोगाने एकाच जागी वाट पाहण्याची मासेमारी शोध घेणारी मासेमारी झाली. याची किंमतही आहे. बंद निवाऱ्यात शेगडी पेटविल्यास कार्बन मोनॉक्साइड वायू साचण्याचा धोका असतो. म्हणून हवा खेळती ठेवणे हा आजच्या मच्छीमाराचा पहिला नियम आहे.

उत्तर युरोपात मात्र साधेपणाची परंपरा टिकून राहिली. फिनलंडमध्ये आखूड काठीने बर्फावर मासे पकडणे हा सर्वसामान्यांचा हक्क मानला जातो व त्यासाठी शुल्क द्यावे लागत नाही. एक गिरमिट, बसण्यास एक पेटी आणि हातभर काठी एवढ्यावर तेथे दिवस निघतो. साधनांची संख्या ही समाजाच्या प्रगतीची मोजपट्टी नव्हे, हे या तुलनेवरून लक्षात येते.

७. साधन आणि हक्क

साधन जवळ असणे आणि ते वापरण्याचा हक्क असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २९ जुलै १८३७ रोजी ओजिब्वे जमातींनी अमेरिकेच्या संघराज्याशी करार करून आजच्या मिनेसोटा व विस्कॉन्सिनमधील विस्तीर्ण भूभाग दिला. त्या मोबदल्यात त्या भूमीवर शिकार, मासेमारी आणि रानतांदूळ गोळा करणे यांची मुभा त्यांनी राखून ठेवली. १८५० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ही मुभा रद्द करण्याचा प्रयत्न झाला, आणि पुढे राज्यांच्या कायद्यांनुसार भाला व जाळे वापरणाऱ्या ओजिब्वे मच्छीमारांवर खटले भरले जाऊ लागले. आपल्या पूर्वजांचेच अवजार हाती धरणे हा गुन्हा ठरला. विस्कॉन्सिनपुरता हा प्रश्न १९८३ मध्ये संघीय न्यायालयाच्या निर्णयाने ओजिब्वे लोकांच्या बाजूने लागला. मिनेसोटातील मिल लॅक्स सरोवरासंबंधीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २४ मार्च १९९९ रोजी पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने १८३७चे हक्क अबाधित असल्याचा निर्वाळा न्यायालयाने दिला. हा निर्णय वर्षभरच्या मासेमारीस लागू आहे; तथापि त्याच्या केंद्रस्थानी भाला व जाळे हीच साधने होती.

नियमन म्हणजे नेहमीच अन्याय असतो असेही नाही. विस्कॉन्सिनमधील विनेबागो सरोवरातील स्टर्जन माशाचे उदाहरण याबाबत उद्‌बोधक आहे. अनिर्बंध पकडीमुळे हा दीर्घायुषी मासा धोक्यात आल्यावर १९१५ मध्ये त्याच्या मासेमारीवर बंदी आली. १९३०च्या दशकाच्या आरंभी बर्फावरून भाल्याने मारण्यास मर्यादित परवानगी देण्यात आली. आज फेब्रुवारीतील मोजक्या दिवसांचा हा हंगाम ठरावीक संख्येचे मासे मारले जाताच बंद होतो, आणि प्रत्येक मासा नोंदणी केंद्रावर दाखवावा लागतो. परिणामी येथील स्टर्जनची संख्या जगातील सुदृढ मानली जाते. प्राचीन साधन आणि आधुनिक नोंदवही यांचा हा मेळ आहे.

८. जीवरक्षक साधने आणि बर्फाची पारख

आता सुरुवातीच्या यादीतील शेवटच्या वस्तूकडे, गळ्यातील दोन खिळ्यांकडे वळू. बर्फ फुटून माणूस पाण्यात पडला, तर ओल्या निसरड्या कडेवर हाताची पकड बसत नाही. अशा वेळी हे खिळे कडेवर रोवून तो स्वतःला ओढून बाहेर काढू शकतो. स्वीडन व फिनलंडमध्ये ते सर्रास वापरले जातात. त्यांचे महत्त्व मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गीसब्रेख्ट यांच्या संशोधनातून अधिक स्पष्ट झाले. थंडगार पाण्यात पडलेल्या माणसाला श्वास सावरण्यास सुमारे एक मिनिट, हातपाय उपयोगी पडतील असा सुमारे दहा मिनिटांचा अवधी आणि शुद्ध हरपण्यापूर्वी सुमारे एक तास मिळतो, असे त्यांनी मांडले. म्हणजे सुटका करून घेण्याची खरी संधी पहिल्या दहा मिनिटांतच असते.

मिनेसोटातील शासकीय सूचनांनुसार पायी चालण्यासाठी किमान चार इंच जाडीचा नवा, पारदर्शक व घट्ट बर्फ आवश्यक आहे. पांढरा, हिमकणांपासून बनलेला बर्फ त्याच्या निम्माच मजबूत असतो, म्हणून त्याची जाडी दुप्पट हवी. परंतु एकाच सरोवरावर झऱ्यांजवळ, प्रवाहाच्या मुखाशी अथवा भेगांच्या कडेला ही जाडी पावलागणिक बदलते. म्हणूनच कोणतेही कोष्टक पहारीच्या आघाताची जागा घेऊ शकत नाही. पूर्वी पहार हाती असल्याने मच्छीमार चालता चालता परीक्षा करीत जाई. वेगवान वाहनावर बसलेल्याची ही परीक्षा सहज चुकते. गिरमिटाने पहारीचे एक काम घेतले. दुसरे काम मात्र बेवारस राहिले.

फेब्रुवारी २००९ मधील एरी सरोवरावरील दुर्घटना या दृष्टीने विचार करावयास लावते. ओहायोच्या किनाऱ्याजवळ बर्फातील एका भेगेवर लाकडी फळ्यांचा पूल टाकून मच्छीमार पलीकडे गेले. वारा व वाढते तापमान यांमुळे भेग रुंदावली आणि बर्फाचा तो विस्तीर्ण भाग किनाऱ्यापासून तुटून वाहू लागला. शंभराहून अधिक लोकांची सुटका करण्यात आली; एकाला प्राण गमवावे लागले. वाहने, गिरमिटे व तंबू यांची तेथे उणीव नव्हती.

हा प्रश्न पुढील काळात अधिक तीव्र होणार आहे. जपानमधील सुवा सरोवर केव्हा गोठले याच्या नोंदी तेथील देवस्थानाच्या पुजाऱ्यांनी १४४३ पासून ठेवल्या आहेत. अलीकडच्या दशकांत ते न गोठण्याची वर्षे वाढली आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार सुमारे पंधरा हजार सरोवरे आता दर हिवाळ्यात गोठतीलच असे नाही, आणि जागतिक तापमान दोन अंशांनी वाढल्यास ही संख्या पस्तीस हजारांवर जाईल. २०२० मधील दहा देशांच्या अभ्यासात हिवाळी बुडण्याच्या घटनांचा संबंध उबदार हिवाळ्यांशी असल्याचे दिसून आले. तापमान शून्याच्या जवळ पोहोचते तेव्हा हे मृत्यू झपाट्याने वाढतात. पूर्वजांनी शिकविलेल्या खुणा स्थिर हिवाळ्याच्या होत्या. हिवाळाच बदलल्यास त्या खुणांचे पुन्हा परीक्षण करावे लागेल.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

एक, गोठलेल्या सरोवरांवरील मासेमारीची मूलभूत साधने, म्हणजे पहार, झारा, भाला, फसवा मासा व बर्फाखालील जाळे, ही यंत्रयुगापूर्वीच पूर्णत्वास पोहोचली होती. विसाव्या शतकाने त्यांना वेग दिला. त्यांच्यामागील तत्त्वे बदलली नाहीत.

दोन, या साधनांचा प्रसार हा माणसामाणसांतील शिकवणीचा इतिहास आहे. त्यात देणाऱ्याचे नाव अनेकदा पुसले जाते आणि घेणाऱ्याचे टिकते. विनिपेग सरोवर आणि मिल लॅक्स यांच्या उदाहरणांवरून असे दिसते की, साधनांच्या इतिहासाची मांडणी भूमी व हक्क यांच्या इतिहासापासून वेगळी करता येत नाही.

तीन, यंत्रांनी छिद्र पाडणे, मासा शोधणे आणि अंतर कापणे सुलभ केले. परंतु बर्फ पारखण्याचे काम त्यांनी केले नाही. पहारीच्या ठोक्यात जे ज्ञान होते, ते नव्या साधनांच्या यादीत आपोआप उतरले नाही.

एका दिवसासाठी बर्फावर निघणाऱ्या माणसाच्या सामानात गिरमिट असेल, ध्वनियंत्र असेल, ऊबदार तंबूही असेल. तरीही पहिले पाऊल टाकण्यापूर्वी त्याने पहार उचलून पुढचा बर्फ ठोकून पाहावा, ही सूचना आजही तितकीच आवश्यक आहे.